आधी पाण्याचा कॅन बघा

हातगाडीची तपासणी म्हटली की डोळ्यांपुढे टोपी, ॲप्रन आणि पातळ प्लास्टिकचे हातमोजे येतात. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतही तेच असतात, आणि टोपी घातली की आपण सुटलो असे गाडीवाल्यालाही वाटते. अन्नातून होणाऱ्या आजारांचा माग काढणारा माणूस मात्र टोपीकडे नंतर बघेल. तो आधी वाकून गाडीखालचा पाण्याचा कॅन उघडेल. हा कुठे भरला? कधी भरला? आतून घासला कधी? पाणी ओगराळ्याने काढतात की हातातला तांब्याच आत बुडतो? या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर त्या गाडीवरचा मोठा धोका टळला असे मी समजतो. रत्नागिरीत तर हे अधिकच लागू पडते.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत पाणी जपून वापरावे लागते. शहराची तहान मुख्यतः शीळ आणि पानवल या धरणांवर भागते. इथला जांभा दगड सच्छिद्र. त्यावर पडलेले पाणी झपाट्याने मुरते, झिरपते आणि समुद्राला मिळते. याच सच्छिद्रपणामुळे पावसाळ्याच्या तोंडावर वरची घाण आणि शोषखड्ड्यांतले पाणीही भराभर विहिरीपर्यंत पोहोचू शकते, वाटेत गाळले जायला पुरेसा वेळच मिळत नाही. म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून साऱ्या डिश एकाच बादलीत विसळल्या जातात, आणि पावसाळ्यात पाणी उदंड असले तरी त्याची खात्री देता येत नाही. त्यातून उन्हाळा हाच पर्यटकांचा हंगाम. मांडवीचा किनारा, भाट्ये, मारुती मंदिराचा परिसर, एस.टी. स्थानकाबाहेरचा रस्ता आणि शहराबाहेर आरे-वारे, गणपतीपुळे. भेळ, पाणीपुरी, वडापाव, ऑम्लेट-पाव, चायनीज, गोळा, उसाचा रस, कोकम सरबत. मे महिन्यात किंवा अंगारकीला इथे जी झुंबड उडते, तेवढ्या माणसांना पुरेल एवढे स्वच्छ पाणी गाडीवाल्याने आणायचे कुठून, हा तपासणीचा खरा विषय आहे.

ही तपासणी करते कोण, याविषयी लोकांत बराच गोंधळ दिसतो. गाडी कुठे उभी राहावी, रस्ता अडतो का, कचरा कुठे जातो, हे बघणे नगर परिषदेचे काम. त्यासाठी तिच्याकडे स्वच्छता निरीक्षक असतात. गणपतीपुळ्यासारख्या गावात ही जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते. गाडीवरचे अन्न खाण्यालायक आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार मात्र अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा. लोक या खात्याला एफडीए म्हणून ओळखतात. जिल्ह्याचे कार्यालय रत्नागिरीत आणि जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा, १६७ किलोमीटर किनाऱ्याचा. त्या मोजक्या अधिकाऱ्यांकडे हॉटेले, बेकऱ्या, मिठाईची दुकाने, दूध, आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे कारखाने, किराणा दुकाने, सगळेच येते. शिवाय शासकीय कार्यालयांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा झाला. गणपतीपुळ्याची गर्दी शनिवार-रविवारची आणि गाडीचा धंदा संध्याकाळी पाचनंतरचा. अधिकारी सुटीच्या दिवशीही मोहिमा काढतात. तरी प्रत्येक गाडी रोज कोणीतरी तपासून जाईल, ही अपेक्षा कुठल्याच जिल्ह्यात पुरी होणारी नाही.

पूर्वी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याचा रोख भेसळीवर: दुधात पाणी, तुपात वनस्पती, डाळीत पिवळा रंग. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली संमत झाला, ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले, आणि हातगाडीवाला पहिल्यांदा ‘अन्न व्यावसायिक’ म्हणून नीट नोंदीत आला. या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला परवान्यातून वगळले आणि त्याच्यासाठी साधी नोंदणी ठेवली. तेव्हा शुल्क वर्षाला १०० रुपये होते आणि नोंदणी एका वेळी एक ते पाच वर्षांची होती. अर्ज आल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची की आधी तपासणी करायची, हे कार्यालयाने कळवायचे. प्रमाणपत्रावर चौदा आकडी क्रमांक असतो आणि ते गाडीवर लोकांना दिसेल असे लावायचे असते. छोट्या विक्रेत्याच्या व्याख्येतच जत्रेतला तात्पुरता स्टॉल येतो, म्हणजे संक्रांतीला मार्लेश्वरच्या यात्रेत लागणारी भज्यांची कढईसुद्धा. धार्मिक आणि सामाजिक कार्यक्रमांत अन्नवाटप करणारेही त्यातून सुटलेले नाहीत. उत्सवाच्या महाप्रसादाची जबाबदारी घेणाऱ्या मंडळांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

नियमांच्या चौथ्या परिशिष्टात रस्त्यावरच्या विक्रेत्यांनी काय पाळायचे ते दिले आहे. ते नीट वाचले तर तपासणीत काय बघतात ते कळते, आणि त्यातले बहुतेक सगळे आपल्या आजीलाही पटले असते. अन्न ठेवायची जागा गुळगुळीत, पाणी न शोषणारी, स्टीलसारखी पटकन पुसता येणारी हवी आणि जमिनीपासून निदान ६० ते ७० सेंटिमीटर उंच हवी. हा आकडा उगाच नाही. रस्त्याची धूळ, गाड्यांच्या चाकांनी उडालेले पाणी आणि भटकी कुत्री यांच्या वर अन्न राहावे म्हणून तो आहे. पाणी पिण्यायोग्य हवे. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवे. शिजलेले आणि कच्चे वेगळे ठेवायचे. नखे कापलेली हवीत, जखमेवर पट्टी हवी, तंबाखू खाणे आणि थुंकणे बंद. आजारी माणसाने अन्नाला हात लावायचा नाही. भांडी प्रत्येक वापरानंतर साबणाने घासून वाहत्या पाण्याखाली धुवायची. आणि फडकी वेगळी ठेवायची: हात पुसायचे एक, भांडी पुसायचे दुसरे, गाडी पुसायचे तिसरे.

या फडक्याच्या नियमाकडे सगळ्यात कमी लक्ष जाते, म्हणून मी त्यावर थांबतो. दिवसभर ओले राहणारे, अन्नाचे कण अडकलेले आणि कोकणातल्या दमट हवेत कधीच न वाळणारे फडके म्हणजे जंतूंची सुखाची वस्ती. त्याने डिश ‘स्वच्छ’ पुसली की एका गिऱ्हाइकाचे जंतू पुढच्या साऱ्यांना वाटले जातात. धुतलेली डिश निथळू देणे हे अशा फडक्याने पुसण्यापेक्षा कितीतरी चांगले. हातमोज्यांचेही तसेच. नियमांत ते आहेत. पण त्याच मोज्याने नोटा घ्यायच्या, घाम पुसायचा, कॅनचे झाकण उघडायचे आणि पुरी फोडायची, तर त्यापेक्षा साबणाने नुकतेच धुतलेले उघडे हात मी पत्करीन. मोजा घातला की हात मळल्याचे कळत नाही, आणि न कळल्यामुळे धुणेही राहून जाते. पैशांच्या बाबतीत मात्र अलीकडे फार चांगला फरक पडला आहे. गाडीवर क्यूआर कोड आला आणि नोटा हाताळणे आपोआप कमी झाले. कोणत्याही नोटिशीने एवढे काम केले नसते.

आता प्रत्यक्ष तपासणी. अन्न सुरक्षा अधिकारी आला की आपण दंड वसूल करायला आलेला माणूस पाहतो. या कायद्यात गाडीपाशी उभ्या उभ्या रोख दंड घेण्याची सोय नाही, हे प्रत्येक विक्रेत्याला माहीत असायला हवे. कचऱ्यासाठी किंवा बंदी असलेल्या प्लास्टिकसाठी नगर परिषद पावती फाडते, तो विषय वेगळा. अन्न कायद्याखाली अधिकारी तपासून अहवाल लिहितो. उणीव सापडली तर त्याच्या वरचा पदनिर्देशित अधिकारी कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देतो. तिच्यात काय चुकले, कशाने सुधारेल आणि किती मुदतीत, हे लिहिलेले असते. त्यानंतरही सुधारणा झाली नाही तर नोंदणी स्थगित होते, पुढे रद्द होऊ शकते. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करण्याबद्दल कलम ५६ मध्ये एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो आणि ठरवताना चूक नकळत झाली की पुन्हा पुन्हा, याचा विचार करणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

नमुना घेण्याची पद्धत मोठी काटेकोर आहे. नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. तेल, मिरचीपूड, चहापूड, मिठाई यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तम. पाणीपुरीच्या पाण्यासाठी ती अपुरी पडते, हे मान्य करायला हवे. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. अहवाल येईपर्यंत ते पाणी कधीच संपलेले, प्यायलेले लोक पुण्या-कोल्हापुराला घरी गेलेले. म्हणून हातगाडीच्या बाबतीत प्रयोगशाळेपेक्षा डोळ्यांनी केलेली तपासणी आणि जागेवर दिलेली शिकवण जास्त उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. जागेवर करण्याजोग्या दोन चाचण्या फार स्वस्त आहेत आणि आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातातल्या आहेत. एक ओटी टेस्ट: पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असे भारतीय मानक सांगते. दुसरी एचटूएस बाटली: पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत काळे पडले तर विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा संशय धरायचा. प्रत्येक गाडीच्या कॅनमधले पाणी महिन्यातून एकदा अशा रीतीने तपासले तर गाडीवाल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि दिसलेले माणूस विसरत नाही.

पाण्यावर मी एवढा भर का देतो, याचे ताजे उदाहरण पुण्याचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि माणसाचे हातपाय लुळे पडतात, असा हा आजार. बऱ्याचदा तो पोटाच्या संसर्गानंतर येतो. सुरुवातीला लोकांनी बाहेरच्या खाण्यावर, चिकनवर, पनीरवर बोट ठेवले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. गाडी बंद करून पाणी तसेच ठेवले असते तर काय साधले असते?

पाण्याखालोखाल धोका असतो वेळेचा. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की जंतू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा अन्नाला खोलीच्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. रत्नागिरीतली मे महिन्याची संध्याकाळ या पट्ट्याच्या मधोमध येते. आपल्याकडची ओल्या खोबऱ्याची चटणी घ्या. तिच्यात ओलावा आहे, प्रथिने आहेत, आंबटपणा फारसा नाही, आणि ती पुन्हा शिजवली जात नाही. सकाळी वाटलेली चटणी रात्री नऊ वाजता वडापावात गेली तर वडा कढईतून नुकताच निघाला असला तरी उपयोग काय? वड्याने खाणाऱ्याला भरवसा दिला आणि चटणीने घात केला. चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्याला आंबटपणाचे थोडे कवच असते, बरेच जिवाणू त्यात वाढत नाहीत. पण वाढत नाहीत म्हणजे मरतात असे नव्हे, आणि काविळीचा ‘अ’ विषाणू तर आम्लाला दाद देत नाही. पुरी भरण्यासाठी मनगटापर्यंत हात पिंपात बुडवण्याची पद्धत त्यामुळेच मुळातून बंद व्हायला हवी. तोटीचे पिंप किंवा लांब दांड्याचे ओगराळे, एवढाच खर्च आहे.

चायनीजच्या गाडीवरचा भात हा असाच दुर्लक्षित प्रकार. दुपारी शिजवून ढीग करून ठेवलेला भात संध्याकाळी मोठ्या आचेवर परतला जातो, ज्वाळा उठतात आणि गिऱ्हाईक निश्चिंत होते. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळण्याने मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात; ते नंतरच्या परतण्यानेही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. उपाय सोपा आहे: भात थोडा थोडा शिजवावा, पसरट ताटात पसरून लवकर गार करावा, बर्फाच्या पेटीत ठेवावा. बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकसचेही विष असेच उष्णतेला न जुमानणारे. परिशिष्टातला जखमेवरच्या पट्टीचा नियम किती महत्त्वाचा आहे ते यावरून ध्यानात येईल.

किनाऱ्यावरचे म्हणून आणखी एक सांगायला हवे. तळलेल्या बांगड्याने किंवा कुप्याने कधी कधी तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, आणि आपण म्हणतो की या माणसाला मासे बाधतात. बऱ्याच वेळा ती ॲलर्जी नसते. हे मासे पकडल्यापासून पुरेशा बर्फात राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते तळून, शिजवून, गोठवून कशानेही जात नाही. त्याला वासही असेलच असे नाही. फिश फ्रायच्या गाडीवर म्हणून कढईपेक्षा माशांची पेटी बघायची. मासा बर्फाखाली आहे की दुपारपासून परातीत मसाला लावून पडला आहे?

बर्फाचा विषय निघालाच आहे. मासळीसाठी लागणारा बर्फ आणि गोळ्यासाठी लागणारा बर्फ दिसायला सारखाच. मिरकरवाडा बंदर जवळ असलेल्या शहरात मासळीच्या बर्फाची लादी मिळणे अवघड नाही. मासळी टिकवायला वापरायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल याची हमी नसते. तो पोत्यात गुंडाळतात, जमिनीवरून ओढतात. गोठल्याने जंतू मरतात असा अनेकांचा समज आहे. बरेचसे मरत नाहीत, नुसते झोपी जातात, आणि सरबतात बर्फ वितळला की जागे होतात. महाराष्ट्रात २०१८ च्या उन्हाळ्यापासून म्हणूनच अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती झाली. खाण्याचा बर्फ बिनरंगी. नियम अतिशय शहाणपणाचा आहे, कारण तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, शाळकरी मुलालाही कळतो. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर किंवा गोळ्याच्या गाडीवर निळसर बर्फ दिसला तर तिथे काही घेऊ नका आणि कळवा. तसेच बिनरंगी बर्फ कोणत्या कारखान्यातून आला, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. तपासणी गाडीवर थांबवून चालणार नाही, ती बर्फाच्या कारखान्यापर्यंत जायला हवी.

तेल, रंग आणि कागद यांबद्दल थोडक्यात. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले ‘एकूण ध्रुवीय संयुगांचे’ प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. अधिकाऱ्याकडे हे मोजायचे छोटे यंत्र असते. आपल्याला काळपट रंग, फेस आणि डोळ्यांत जाणारा धूर पुरे. वर्तमानपत्रात वडे-भजी बांधायला २०१९ पासून मनाई आहे, कारण गरम तेलात शाई विरघळते आणि शाईतली रसायने पोटात जातात. रंगाच्या बाबतीत शेजारच्या गोव्यात २०२४ साली म्हापसा नगरपालिकेने गोबी मंच्युरियनच्या स्टॉलवरच बंदी घातली. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणे दिली होती. त्याच वर्षी कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमध्ये आणि ‘म्हातारीचे केस’ या मिठाईत रोडामाइन-बीसारखे रंग वापरण्यास मनाई केली. मला कर्नाटकाची रीत अधिक पटते. दोष रंगाचा असताना पदार्थावर बंदी घातली की तोच रंग दुसऱ्या पदार्थात जाऊन बसतो.

संशयाबद्दलही एक बोलायला हवे. आपण अनेकदा गाडीवाल्याच्या बोलीवरून, तो कुठल्या मुलखातून आला यावरून त्याच्या पदार्थाची स्वच्छता ठरवतो. हेच ते शहर, जिथे १९३३ साली सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र खाता यावे म्हणून अखिल हिंदू उपाहारगृह काढले होते. अन्न कोणी शिवले यावरून ते बाटते, ही समजूत मोडायला त्या काळी केवढे धाडस लागले असेल. जंतूला जात नसते, प्रांतही नसतो. तपासणीच्या यादीतला प्रत्येक प्रश्न पाणी, हात, भांडी आणि वेळ यांच्याविषयी आहे. आपलाही संशय तेवढ्यापुरताच असावा.

आता गाडीवाल्याच्या बाजूने. वाहत्या पाण्याखाली भांडी धुवा, हे नियमात लिहिणे सोपे. ज्या रस्त्याला नळच नाही, तिथे वाहते पाणी येणार कुठून? संध्याकाळी पाच ते रात्री अकरापर्यंत उभ्या असलेल्या माणसाला, आणि बचत गटाच्या स्टॉलवर घावणे, मोदक करणाऱ्या बाईला, जवळ शौचालय आणि हात धुवायला साबण-पाणी नसेल तर हातांच्या स्वच्छतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? पथविक्रेता कायदा २०१४ साली आला. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यातले ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे आणि विक्रीची ठिकाणे ठरवली जावीत, हेही त्यात आहे. या समित्यांत चर्चा होते ती बहुधा जागेची आणि अतिक्रमणाची. पाण्याची चर्चा तिथेच व्हायला हवी.

सिंगापूरने हे करून दाखवले आहे. तिथेही १९६० च्या दशकात रस्तोरस्ती फेरीवाले होते, बादलीत भांडी विसळणारे, गटारात खरकटे टाकणारे. सरकारने आधी सगळ्यांची नोंदणी केली, मग नळ, मोऱ्या, वीज आणि शौचालये असलेली विक्री केंद्रे बांधली आणि विक्रेत्यांना तिथे नेले. १९८६ पर्यंत हे काम पुरे झाले. स्टॉलना स्वच्छतेनुसार अ, ब, क, ड अशा श्रेणी देणे सुरू झाले ते १९९७ साली, म्हणजे सोयी झाल्यानंतर. २०२० मध्ये युनेस्कोने याच खाद्यसंस्कृतीची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. आपल्याकडे अहमदाबादच्या कांकरिया तलावाला २०१८ साली देशातले पहिले ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ हे प्रमाणपत्र मिळाले: आधी पाहणी, मग सुधारणा आणि विक्रेत्यांचे प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र. मांडवीचा किनारा त्यासाठी काय कमी आहे? एक नळजोडणी, सांडपाण्याची मोरी, झाकणाचे मोठे डबे, स्वच्छ शौचालय आणि दर हंगामाआधी एक दिवसाचे प्रशिक्षण एवढे नगर परिषदेने आणि अन्न व औषध प्रशासनाने मिळून केले, तर त्यानंतर नियम मोडणाऱ्याला दंड करताना कोणाचीही जीभ अडखळणार नाही. आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या मेडिक्लोरसारख्या द्रावणाच्या बाटल्या विक्रेत्यांनाही द्याव्यात. बाटलीवर लिहिलेल्या मापाने थेंब टाकून अर्धा तास थांबायचे, एवढे शिकवायला वेळ लागत नाही.

तोवर रोजचा तपासनीस गिऱ्हाईकच. गरम पदार्थ समोर कढईतून निघताना घ्या. पाणी कुठले, असे सरळ विचारा. चांगला विक्रेता त्याने दुखावत नाही, उलट नळाचे किंवा उकळलेले आहे हे अभिमानाने सांगतो. नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे का ते बघा. पदार्थात भेसळ किंवा रंगाचा संशय असेल तर कलम ४० खाली ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते, आणि दोष निघाला तर शुल्क परत मिळते.

पोट बिघडले की आपण शेवटच्या खाण्याला दोष देतो. भातातल्या विषाने काही तासांत उलट्या होतात हे खरे, पण विषमज्वर एक ते तीन आठवड्यांनी येतो आणि ‘अ’ प्रकारची कावीळ दोन ते सात आठवड्यांनी. कालच्या भेळवाल्यावर राग काढण्याआधी हे आठवावे. आजारी पडलात तर डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, गेल्या काही दिवसांत कुठे काय खाल्ले आणि कुठले पाणी प्यायले ते लिहून काढा, सोबत खाल्लेल्यांपैकी आणखी कोणाला त्रास झाला का ते विचारा. मग अन्न व औषध प्रशासनाच्या रत्नागिरी कार्यालयात किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर पदार्थ, जागा, तारीख आणि वेळ सांगून तक्रार नोंदवा.